नाव बदलून वाचलेली ओळ

तात्या,

तुम्ही गेल्यावर काकूंनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांच्यावर चार ओळी लिहून दे. दहाव्याला आलेल्यांना वाटू. लई काय नको. चांगलं मानूस व्हतं, एवडं आलं की झालं."

तेवढंच लिहायचं होतं. तीन दिवस मी कागद पुढ्यात घेऊन बसले. आजवर वीस-बावीस पत्रकं लिहिली, सगळी तुम्हीच छापलीत, आणि एकालाही मला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागला नव्हता. कुणाला वाईट म्हणायचं असलं की माझा हात थांबत नाही. चांगलं म्हणायची वेळ आली आणि चार शब्दांवर अडले. कारण समोर तुम्ही दिसत होतात, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात छापायच्या अक्षरांचे खिळे जुळवायची स्टिक, आणि विचारत होतात, "चांगलं म्हंजे? नेमकं काय सांगतीयस तू लोकास्नी?"

हा प्रश्न तुम्ही मला पाच वर्षं विचारलात. मी दर वेळी वेगळं उत्तर दिलं, आणि शेवटचं द्यायच्या आत आपलं बोलणं बंद झालं.

इंदापूरच्या स्टँडमागच्या तुमच्या छापखान्यात मी पहिल्यांदा आले तेव्हा अकरावीत होते. पत्र्याची खोली, पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, भिंतीला टेकलेल्या खिळ्यांच्या पेट्या. मी पत्रकांवर वाढलेली. बाबा सभांना जात आणि येताना पत्रकं घेऊन येत. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं त्यांचीच. वर्गातली बाकीची मुलं पाटीवर 'कमळ' गिरवत होती तेव्हा मी 'बंधू-भगिनींनो, जागे व्हा' वाचत होते. त्यामुळं पत्रक कसं असावं हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मला ठाम वाटायचं.

मी लिहून आणलेलं पत्रक तुम्ही वाचलंत, बोटानं काहीतरी मोजलंत आणि म्हणालात, "लेखिकाबाई, उद्गारचिन्हं चौदाच हायेत माज्याकडं. तुमी अकरा खाल्ली. उद्या लग्नपत्रिका आली तर तिला काय घालू, स्वल्पविराम?"

मी चिडले. "राग आलाय तो दाखवायला नको?"

"दाखव की. पन तुला राग आलाय हे सांगतीयस, का त्यानं चूक केलीय हे सांगतीयस? ह्या दोन येगळ्या गोष्टी हायेत. रागाला चिन्ह पुरतं. चुकीला वाक्य लागतं."

मग तुमचा तो रिवाज. तो सगळ्या इंदापुराला माहीत होता आणि त्यापायी निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडं जायची. कुणाविरुद्ध काही छापायचं असलं की तुम्ही मजकूर जुळवायचात, आणि पहिल्या प्रुफात आरोप असलेल्या माणसाचं नाव काढून लिहिणाऱ्याचंच नाव घालायचात. ते प्रूफ लिहिणाऱ्यानं तुमच्यासमोर मोठ्यानं वाचायचं. शेवटपर्यंत वाचलं, की तुम्ही नाव परत बदलून छापायचात. माझं पहिलं पत्रक वस्तीवरच्या हातपंपाचं होतं. 'कु. प्रज्ञा, मु. पो. अंथुर्णे, यांनी सहा महिने पंप बंद ठेवून वस्तीवर अन्याय केला आहे,' असं वाचताना मला हसू फुटलं.

"हास. पन सांग, उद्या तू सरपंच झालीस आन पंप बंद पडला, तर हेच पत्रक तुज्यावर छापू का?"

"छापा."

"मग आत्ता छापतो."

हा रिवाज कुठून काढलात असं विचारलं की तुम्ही म्हणायचात, "जुळाऱ्याला समदं उलटं बगायची सवय असती." खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं हे खरं, पण ते काही उत्तर नव्हतं. खरं उत्तर मी कधी खोदून विचारलं नाही. आता विचारायला कुणी नाही.

पुढं मी बारामतीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं. वर्गात आम्ही चौघं, आणि सर असे शिकवायचे की जणू चारशे बसलेत. एक दिवस त्यांनी सांगितलं, की काही विचारवंतांच्या मते 'चोरी वाईट आहे' हे वाक्य काही सांगतच नाही. ते खरंही नसतं, खोटंही नसतं. ते म्हणजे नुसतं 'चोरी, छी!' असं म्हणणं. मी हादरले. एसटीत बसल्यावर बाबांची सगळी पत्रकं डोळ्यांपुढं यायला लागली. म्हणजे माझं अख्खं बालपण छी-छी करण्यात गेलं? त्या दिवशी अंथुर्ण्याला उतरलेच नाही, सरळ इंदापूरला तुमच्याकडं आले. तुम्ही कुठल्याशा बारशाची पत्रिका जुळवत होतात. सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "इचार करू दे."

आठ दिवस विचार केलात. मी परत आले तर टेबलावर दोन ओळी मांडून ठेवल्या होत्या. वरची होती, 'चोरी करणे वाईट आहे.' "ही तुज्या सरांची छी," म्हणालात. मग त्यातले 'चोरी करणे वाईट' एवढे खिळे उचललेत आणि खालच्या ओळीत सरकवलेत. पुढचं तिथं आधीच जुळवलेलं होतं. "आता वाच."

"चोरी करणे वाईट असेल, तर दुसऱ्याकडून चोरी करवणेही वाईट."

"ह्यात कुनाला छी केलं? 'असेल तर' म्हनलंय. कुनाला राग आला न्हाय, कुनी थुकलं न्हाय. पन खिळं तेच हायेत. तुज्यादेखत माज्या हातानं उचलून ठेवलेत. वर असताना छी आन खाली आल्यावर भलतंच कायतरी, असं कसं? खिळं काय वाटंत बदलत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात मांडलं. सर खुर्चीतून उठलेच. "हा आक्षेप कुठं वाचलास?" इंदापूरच्या स्टँडमागं, म्हटलं. ते म्हणाले, यावर तिकडं परदेशात पुस्तकंच्या पुस्तकं निघाली आहेत आणि वाद अजून पुरता मिटलेला नाही. हे तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "मिटवू नका म्हनावं. धंदा चालू द्या त्यांचा."

नंतर सरांनी आणखी एक बाजू शिकवली. 'हे वाईट आहे' म्हणजे 'हे कुणीही करू नका' असा हुकूम, आणि त्या 'कुणीही'मध्ये हुकूम देणाराही येतो. मी वर्गातच ओरडले, हा तर आमच्या तात्यांचा रिवाज! तुम्हाला सांगायला पळत आले. तुम्ही मागच्या खोलीकडं तोंड करून हाक मारलीत, "ऐकलंस का गं? मी इतकी वर्सं सिद्धांत छापतोय, आन तू म्हंतीस रद्दी!"

काकूंनी आतून उत्तर दिलं, "सिद्धांत आदी उचला तितनं. केर काडायचाय."

सगळ्यात भीती वाटली ती तिसऱ्या मताची. नीती-अनीतीची वाक्यं काहीतरी सांगतात खरी, पण ती जे सांगतात ते जगात कुठंच नसतं, म्हणून ती सगळीच्या सगळी खोटी. हे ऐकून तुम्ही हातातली स्टिक खाली ठेवलीत. मग पेटीतून लग्नपत्रिकेची एक बांधून ठेवलेली ओळ काढून दाखवलीत, 'आग्रहाचे निमंत्रण'. "ही मी कदी सोडतच न्हाय. कायम बांदलेली. आग्रह असू दे न्हायतर नसू दे, लागतीच. तसंच असंल का गं हे?"

तुमचा आवाज चेष्टेचा नव्हता. तेव्हा मला कळलं, हे तुम्हालाही माझ्याइतकंच टोचतंय. कोऱ्हाळ्याला तुमचा भाऊ ऊस करतो. "त्या वस्तीवरच्या लोकांची पत्रकं कशाला छापतोस?" असं तो तुम्हाला तोंडावर विचारायचा, आणि तुम्ही त्याला उलट विचारायचात, "कशाला न्हाय, ते सांग." त्यानं सांगितलं नाही. यायचं मात्र बंद केलं. 'अन्याय' हीसुद्धा नुसती बांधून ठेवलेली ओळ असेल, तर तुम्ही भाऊ कशापायी गमावलात?

म्हणून मी जोरात म्हणाले, "अन्याय असतो, तात्या. रस्त्यातल्या खड्ड्यासारखा असतो. कुणाला दिसो न दिसो."

"बरं. ज्याचं चाक जातं त्याला कळतं. पन ज्याचं चाक जात न्हाय, त्यानं तो वळखायचा कसा?"

"डोळे उघडे ठेवून."

"आपलं डोळं उघडं हायेत, हे कशावरनं?"

माझी एसटी चुकेल, म्हणाले आणि निघाले.

आता त्या पत्रकाबद्दल. काकूंनाही ते अर्धवटच माहीत आहे, म्हणून इथं पुरतं सांगते.

आमच्या वस्तीवरच्या अकरा बायका लोणी देवकरला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जायच्या, बबनराव मुकादमाच्या टेम्पोतून. तिथं बायकांसाठी संडास नव्हता. कंपाउंडच्या भिंतीमागं जावं लागायचं. संडास हवा का, असं कारखान्याच्या साहेबानं विचारलं तेव्हा मुकादमानं सांगून टाकलं, "आमच्या बायकांची काय तक्रार न्हाय. त्याच म्हंत्यात, गरज न्हाय." त्यानं एकाही बाईला विचारलं नव्हतं. मला हे हिरामावशीच्या सुनेकडून कळलं. मावशी त्या अकराजणींतली सगळ्यात जुनी. मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. त्यातल्या एका वाक्यावर मी स्वतःच खूश होते: 'दुसऱ्याला न विचारता त्याच्या तोंडी आपले शब्द घालणे हा अन्याय आहे, आणि तो श्री. बबनराव मुकादम यांनी केला आहे.' त्याच्या खाली ठळक टाइपात, 'हिराबाई विचारतात, आम्ही जनावरे आहोत काय?'

हिरामावशीनं असं काही विचारलं नव्हतं. मी तिला भेटलेही नव्हते. तिनं असं विचारायला हवं, म्हणून मी लिहिलं.

तुम्ही नेहमीसारखं प्रूफ पुढं केलंत. मी वाचायला लागले. 'दुसऱ्याला न विचारता त्याच्या तोंडी आपले शब्द घालणे हा अन्याय आहे, आणि तो कु. प्रज्ञा, मु. पो. अंथुर्णे, यांनी...' तिथं थांबले. आणि भडकले. "हा चावटपणा पुरे, तात्या. मी काय मुकादम आहे? तिकडं बायका भिंतीमागं जातायत आणि हितं आपण खेळ मांडलाय."

"पुरं वाच, प्रज्ञे."

मी प्रूफ टेबलावर आपटलं. "उद्या बाजार आहे. छापून ठेवा."

सकाळी येऊन बंडल उचललं आणि न बघता बाजारात वाटायला लागले. चहाच्या गाड्यावर एका आबांनी पत्रक लांब धरून मोठ्यानं वाचायला घेतलं. मध्येच थांबले, माझ्याकडं बघितलं, परत वाचलं.

"पोरी, कु. प्रज्ञा म्हंजे तूच न्हवं?"

"मीच."

"मग सवताच्याच नावानं शिमगा करतीस व्हय?"

सगळा गाडा हसला. तोवर दोनशे पत्रकं गेली होती. नाव परत बदलायचं राहून गेलं होतं.

मी ओरडतच तुमच्या दारात आले. तुम्ही पत्रक हातात घेतलंत आणि तुमचा चेहरा उतरला. "ओळ बदलायची ऱ्हायली गं. भांडनाच्या नादात ध्यानातच आलं न्हाय."

"मुद्दाम केलंत."

"न्हाय. शप्पत न्हाय." मग हळू आवाजात, "पन प्रज्ञे, ते खोटं हाय का?"

त्या एका वाक्यासाठी मी तुमच्याशी बोलणं सोडलं.

पत्रक संध्याकाळपर्यंत मुकादमाकडं पोचलं. आरोपात नाव कुणाचंही असो, टेम्पो त्याचा होता, भिंत त्याच कारखान्याची होती, आणि ठळक टाइपात हिराबाई होती. दुसऱ्या दिवशी त्यानं तिला टेम्पोत चढू दिलं नाही. "लई बोलाय लागलीस," म्हणाला. मी काहीच बोलले नाही, असं ती सांगत राहिली. टेम्पो निघून गेला. तिचं काम गेलं. त्या दिवसापासून मी तिच्या दारावरून जायचं टाळलं, आणि जो भेटेल त्याला सांगत राहिले, की छापखानेवाल्यानं घात केला.

तुमच्या चुकीनं तिचं काम गेलं नव्हतं, तात्या. नाव बरोबर छापलं असतंत तरी गेलंच असतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चार महिने मी ते कुणाला कळू दिलं नाही, आणि मग तुम्ही गेलात. भर दुपारी, ट्रेडलजवळच्या स्टुलावर बसल्याबसल्या.

काकूंनी चार ओळी मागितल्या त्याच वेळी टेबलाखालून एक बंडल ओढून काढलं. "हे तुजं. बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी छापून ठेवलं व्हतं. मी म्हनलं, कुनाच्या हाती धाडून द्या. तर म्हनले, न्हाय, ती यील."

घरी नेऊन सोडलं. तेच पत्रक. आरोपाच्या ओळीत मुकादमाचं नाव जिथल्या तिथं. आणि खाली, 'हिराबाई म्हणतात,' एवढं छापून पुढं चार ओळींची जागा कोरी. आधी वाटलं, छापताना काहीतरी सुटलं. मग प्रत्येक प्रत बघितली. सगळ्यांत तसंच. तुम्ही मजकूर गाळला नव्हता. जागा ठेवली होती.

मी उठले आणि हिरामावशीकडं गेले. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. 'ये' म्हणाली नाही, पण पाट सरकवला. मी सगळं सांगितलं. ते वाक्य तिचं नव्हतं, माझं होतं. काम माझ्यामुळं गेलं. दोष मी तात्यांवर ढकलला. मी चुकले.

"चुकलीस," ती म्हणाली. हात चालूच होते.

तात्या, तुम्हाला सांगायचं राहिलं ते हे. त्या 'चुकलीस'कडं मी निरखून बघत राहिले, सरांच्या वर्गात फळ्यावरच्या वाक्याकडं बघावं तसं. तिच्या आवाजात राग नव्हता. चार महिन्यांत तो विझला असेल, किंवा तिला शेंगांची घाई असेल. तिनं मला कसला हुकूमही केला नव्हता. ती नुसती सांगत होती, ही शेंग किडकी आहे असं सांगावं तसं. आणि मला ते ऐकताना, कुणीतरी माझ्याबद्दलची एक खरी गोष्ट सांगतंय, असं वाटलं. हा पुरावा नाही. सर पाच मिनिटांत याच्या चिंध्या करतील. खरं वाटणं निराळं आणि खरं असणं निराळं, म्हणतील. पण तुम्ही विचारलं होतंत, ज्याचं चाक जात नाही त्यानं खड्डा कसा ओळखायचा. ज्याचं गेलंय त्याला विचारून, असं मला आता वाटतं. इतकं सोपं असेल का ते? तुम्ही आठ दिवस मागून घेतले असतेत, आणि मग टेबलावर असं काहीतरी मांडलं असतंत, की मी पुन्हा एसटीचं कारण सांगून पळाले असते. ते काय असतं, हे मला ऐकायचं होतं.

"मावशी," मी म्हणाले, "आता विचारते. काय लिहू तुझ्या नावानं?"

तिनं सूप बाजूला केलं. "आज इचारतीस व्हय." पदराला हात पुसले. मग म्हणाली, "लिही. मला मुकादमानं बी इचारलं न्हाय आन प्रज्ञीनं बी इचारलं न्हाय. आता इचारलंय तर सांगते. आडोसा बी पायजे आन काम बी पायजे. एकाच्या बदल्यात दुसरं नगं."

"माझं नाव ठेवू त्यात?"

"मग काय काडू? खरं हाय की."

काल दुपारी काकूंनी छापखाना उघडून दिला. तुम्ही ठेवलेल्या कोऱ्या जागेसाठी मावशीचं बोलणं मी माझ्या हातानं जुळवलं. दोनदा स्टिक सांडली. तुम्ही चहा निवायच्या आत केलं असतंत. मला दोन तास लागले. अजून वाटलेलं नाही. आधी बाकीच्या दहाजणींना वाचून दाखवणार आहे. त्या नको म्हणाल्या, तर बंडल टेबलाखाली परत जाईल. बारामतीत आता कॉम्प्युटरवर मजकूर जुळवतात. तरी या पेट्या भंगारात घालायच्या नाहीत, हे मी काकूंकडून कबूल करून घेतलंय.

मग काकूंची ओळ घेतली. 'तात्या चांगले माणूस होते.' चार शब्द. तुमचा रिवाज आरोपासाठी होता, कौतुकासाठी नव्हता. पण मला बघायचं होतं. तुमचं नाव काढलं, माझं घातलं, त्याला धरून पुढचं बदललं, प्रूफ काढलं. काकू केरसुणी हातात धरून दारात उभ्या राहिल्या. मी मोठ्यानं वाचायला लागले. ते सरांच्या 'छी'सारखं नुसतं 'वा!' असतं, तर अडायचं काही कारण नव्हतं; स्वतःला वा म्हणणं मला कधी जड गेलेलं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? नाव वाचलं. पुढचा 'चांगली' हा शब्द तोंडातून निघेना.

काकूंनी केरसुणी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, "असू दे गं. तुजं काड आन त्यांचं घाल."

मी माझं नाव काढलं, तुमचं घातलं. छापायच्या आधी दोनदा तपासलं. या वेळी ओळ बदलायची राहिली नाही.